क्लीव्हलंडमधलं घर स्वस्त आहे, पण कोणासाठी?

गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मेसेज केले. कोणी न्यू जर्सीतून, कोणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून, एक-दोघांनी तर थेट पुण्याहून. सगळ्यांचं विचारणं साधारण सारखंच: "तुमच्या ओहायोत म्हणे लाख-सव्वा लाख डॉलरमध्ये अख्खं घर मिळतं. खरं का? आणि तिथे राहण्यासारखं आहे का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

घर मिळतं, हे खरं आहे. मागे अंगण, पुढे पोर्च, वर-खाली खोल्या, तळघर, सगळं. बे एरियात तेवढ्या पैशांत डाऊनपेमेंटही धड होत नाही. पण ते इतकं स्वस्त का, हे समजून घेतल्याशिवाय कोणीही इकडे येऊ नये असं माझं ठाम मत आहे.

१९५० साली ओहायोतल्या आमच्या या क्लीव्हलंड शहरात ९ लाख १४ हजार माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत उरली ३ लाख ७२ हजार. डेट्रॉइट साडेअठरा लाखांवरून ६ लाख ३९ हजारांवर आलं. आमच्यापासून तासा-सव्वा तासावरच्या यंगस्टाउनमध्ये तर १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी एका पोलाद कारखान्याने टाळं लावत असल्याचं जाहीर केलं, पाचेक हजार नोकऱ्या गेल्या, आणि तिथले लोक आजही त्या दिवसाला 'ब्लॅक मंडे' म्हणतात.

गेलेली सगळीच माणसं फ्लोरिडा-टेक्सासला गेली असं मात्र नाही. बरीचशी इथेच, हायवे ओलांडून सबर्बमध्ये, म्हणजे उपनगरांत गेली, आणि तीही कारखाने बंद पडायच्या कितीतरी आधीपासून. जाणारे बहुतांश गोरे होते. दक्षिणेकडून कारखान्यांत कामाला आलेल्या कृष्णवर्णीयांना तो रस्ता मोकळा नव्हता. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या संस्थेने शहरोशहरीचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. तिथे कर्ज देणं धोक्याचं, असा त्याचा अर्थ. त्या जुन्या नकाशावर आजचा गरिबीचा नकाशा ठेवला तर पुष्कळ ठिकाणी रेषा जुळतात. १९६६ मध्ये इथल्या हफ वस्तीत दंगल पेटली. पुढच्याच वर्षी याच शहराने कार्ल स्टोक्स यांना निवडून दिलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. दोन्ही गोष्टी याच शहराच्या आहेत आणि त्या सोबतच सांगायला हव्यात.

आता व्यवहाराचं बोलू. नऊ लाख माणसांसाठी टाकलेले पाण्याचे पाइप, गटारं, रस्ते, दिवे आज पावणेचार लाख माणसांना पोसावे लागतात. माणसं कमी झाली म्हणून रस्त्याची लांबी कमी होत नाही. त्यातून जी माणसं राहिली त्यांची कमाई कमी, म्हणजे कर कमी. शहरात सगळ्यांत जास्त नोकऱ्या देणाऱ्या संस्था म्हणजे रुग्णालयं आणि विद्यापीठं. ती ना-नफा संस्था असल्याने त्यांच्या बहुतेक मालमत्तेवर प्रॉपर्टी टॅक्स लागत नाही. मी स्वतः रुग्णालयातच नोकरी करते, माझं घर त्यावरच चालतं, तरी हे मला खटकतं आणि ते मी बोलून दाखवते. १५ डिसेंबर १९७८ ला तर हे शहर थकबाकीदारच ठरलं. बँकांचं देणं थकलं होतं, शहराच्या मालकीची वीज कंपनी विकून टाका असा दबाव होता, आणि तिशीतल्या डेनिस कुसिनिच या महापौरांनी ती विकायला नकार दिला. त्यांचं राजकीय नुकसान झालं, पण ती वीज कंपनी आजही शहराच्या मालकीची आहे.

मग चांगलं काय? खूप काही, आणि ते मी मनापासून सांगते. हे शहर एके काळी गडगंज श्रीमंत होतं. रॉकफेलरने १८७० साली स्टँडर्ड ऑइल ही तेल कंपनी इथेच काढली. पोलाद, तेल, जहाजं यांच्या पैशातून जे उभं राहिलं ते पैसा गेल्यावरही जागेवर आहे. कला संग्रहालय १९१६ पासून आहे आणि आजही कायमचा संग्रह बघायला एक पैसा लागत नाही. तिथे चोळकालीन कांस्य नटराज आहे. मन थाऱ्यावर नसलं की कामावरून घरी जाताना मी तिथे थांबते. तिकीट नाही, रांग नाही, वाकडी वाट केल्याचं ओझं नाही. जगातल्या उत्तम ऑर्केस्ट्रांपैकी एक इथे आहे. सार्वजनिक वाचनालय इतकं मोठं आणि इतकं जिवंत आहे की न्यूयॉर्कहून आलेले पाहुणे चकित होतात. शहराभोवती जंगलांचं कडं आहे, मेट्रोपार्क्स. ते १९१७ पासून जपलं गेलं. वेस्ट साइड मार्केटमध्ये हंगेरियन, पोलिश, स्लोव्हेनियन लोकांचे पणजोबा विकायचे ते पदार्थ अजून मिळतात. विमानतळावरून गावात यायला रेल्वे आहे, तीही १९६८ पासून. अमेरिकेत अशी थेट सोय पहिल्यांदा इथेच झाली.

आणि आपल्या लोकांनी इथे काय केलं तेही बघा. शहर थकबाकीदार ठरलं त्याच १९७८ साली इथल्या भारतीय कुटुंबांनी त्यागराज आराधना सुरू केली. आज भारताबाहेरचा तो कर्नाटक संगीताचा सगळ्यांत मोठा उत्सव मानला जातो. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास चेन्नईहून मोठमोठे कलाकार येतात. इतक्या थंडीतल्या, इतक्या पडझड झालेल्या गावात हे कसं रुजलं, असं लोक विचारतात. मला वाटतं, जागा परवडत होती आणि करणाऱ्यांना वेळ मिळत होता. माझा ऑफिसला जायचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा आहे. उरलेल्या वेळात मी मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी करते. बे एरियातल्या मैत्रिणींना ते जमत नाही, कारण त्या अजून हायवेवरच असतात.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. आयुष्य पोलाद कारखान्यात गेलं. कारखान्याने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा निवृत्तांचा आरोग्य विमा गेला. पेन्शन सरकारच्या विमा संस्थेकडून येते, ती ठरली होती त्यापेक्षा कमी. घर त्यांनी १९७० च्या दशकात घेतलं, कर्ज कधीच फिटलं. गेल्या वर्षी छप्पर गळायला लागलं. ठेकेदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून ते बराच वेळ पोर्चवर नुसते बसून राहिले. वस्ती गरीब आहे म्हणून छप्पर स्वस्तात होत नाही. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), गटाराची लाइन, छप्पर यांची किंमत श्रीमंत सबर्बमध्ये जी तीच इथे. फक्त इथे ती घराच्या किमतीच्या चौथाई-तिहाई भरते. बँकेला इतकं लहान कर्ज द्यायचं नसतं, कारण कागदपत्रांची मेहनत मोठ्या कर्जाइतकीच आणि नफा थोडा. मग असं घर शेवटी रोख पैसे घेऊन येणाऱ्या बाहेरगावच्या गुंतवणूकदाराकडे जातं. तो भाडं घेतो आणि छप्पर तसंच ठेवतो. २००७ च्या सुमारास स्लाव्हिक व्हिलेज या वस्तीत जप्तीच्या नोटिसांचा जो पूर आला, तेव्हापासून हे चक्र मोठ्या प्रमाणावर फिरतं आहे.

दुसरी गोष्ट शिशाची. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. इथली बहुतेक घरं त्याआधीची. जुन्या लाकडी खिडकीचं तावदान वर-खाली केलं की रंग घासला जातो, त्याची भुकटी खालच्या पट्टीवर साचते. रांगतं-चालतं मूल त्याच पट्टीला धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं. मेंदूवर झालेला परिणाम पुन्हा भरून येत नाही. भाड्याच्या जुन्या घरांना शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारा नियम शहराने २०१९ मध्ये केला. इतका उशीर का लागला, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

शाळांचं थोडक्यात सांगते, कारण ते सर्वांना माहीत आहे. शाळेचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो, म्हणजे स्वस्त घरांच्या गावात शाळेला तंगी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरी गाडा त्याच चाकोरीत आहे. आपले बहुतेक मराठी लोक शाळेसाठी सोलन किंवा स्ट्राँग्सव्हिल या उपनगरांत जातात. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

माझे मामा लालबागच्या गिरणीत होते, त्यामुळे बंद कारखान्याचं दुःख मला परकं नाही. १९८२ चा संप मी घरातल्या बोलण्यातूनच ऐकत मोठी झाले. पण इथे आल्यावर एक फरक नीट कळला. मुंबईत गिरणीखालच्या जमिनीला सोन्याचा भाव होता, म्हणून टॉवर उठले आणि मामांना बदलापूरला जावं लागलं. क्लीव्हलंडमध्ये जमिनीला भावच राहिला नाही, म्हणून शेजारचे आजोबा आहे तिथेच अडकले. घर विकून जे येईल त्यात दुसरीकडे एक खोलीही मिळणार नाही. एकाला भावाने बाहेर काढलं, दुसऱ्याला भावाने बांधून ठेवलं.

म्हणूनच "इथे राहण्याचे फायदे-तोटे काय" असं सरसकट विचारलं की मला उत्तर देता येत नाही. फायदे माझ्यासारखीला मिळतात, जिचा पगार कारखान्यावर अवलंबून कधीच नव्हता. तोटे ज्यांच्या वाट्याला येतात ते वेगळे. माझं घर स्वस्त आहे ते कोणाचं तरी नुकसान झाल्यामुळे. हे मान्य करून राहणं शक्य आहे, पण विसरून राहू नये असं मला कळकळीने वाटतं. नव्या बांधकामांना इथे बरीच वर्षं पंधरा-पंधरा वर्षांची टॅक्स माफी मिळत आली. ट्रेमाँट, ओहायो सिटीसारख्या वस्त्या चकचकीत झाल्या, आणि शेजारच्या जुन्या घरातली म्हातारी मात्र वाढीव मूल्यांकनावर पूर्ण कर भरते. हा अन्याय आहे. हल्ली ग्रेट लेक्सच्या गोड्या पाण्यामुळे ही शहरं हवामान बदलात सुरक्षित ठरतील, अशी जाहिरातही चालते. पाणी आहे हे खरं, पण ते प्यायला येणारे लोक आजोबांचं काय करणार, हे त्यात कोणी लिहीत नाही.

तरी मी या म्हणेन. घरून काम करत असाल तर शहराच्या हद्दीत घर घ्या. तुमच्या पगाराचा अडीच टक्के आयकर शहराला जाईल, त्याची गरज आहे. घर बघायला फेब्रुवारीत या, जूनमध्ये नको. लेक इफेक्टचा, म्हणजे सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे पडणारा बर्फ, करडं आकाश, रस्त्यावरच्या मिठाने गंजलेल्या गाड्या, सगळं दिसू द्या. आधी तळघरात उतरा, भिंतीवर ओलीचे डाग आहेत का बघा. गटाराच्या लाइनमध्ये कॅमेरा घालून तपासून घ्या. लहान मूल असेल तर शिशाची तपासणी झाल्याशिवाय सही करू नका. छपराचं वय विचारा आणि त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची दारं वाजवून त्यांच्याशी बोला. कोणती गल्ली टिकली आहे आणि कोणती नाही, हे एजंटपेक्षा त्यांना जास्त कळतं.

कोणाला यायचं असेल तर कळवा, माझ्याकडे पाहुण्यांची खोली आहे.