‘मग तुझं आउटपुट काय?’

घरी येऊन तासही झाला नाही आणि लिहायला बसलेय. राग मुरवून लिहिला की गुळमुळीत होतो, म्हणून आत्ताच.

आज एका ठिकाणी एम.ए.च्या मुलांची तोंडी परीक्षा होती आणि मी बाहेरची परीक्षक होते. विषय विकास आणि सामाजिक बदलासाठीचं संवादशास्त्र, मुलं त्याला ‘डेव्हकॉम’ म्हणतात. दुपारी अकोले तालुक्यातली एक मुलगी आत आली. गरोदर बायका लोहाच्या लाल गोळ्या का खात नाहीत, हा तिचा प्रबंध. चार महिने ती पाच वाड्यांवर फिरली होती. बायकांचं बोलणं तिने त्यांच्याच भाषेत उतरवून घेतलं होतं, पानंच्या पानं. ‘जेवणानंतर घ्या’ हे त्या बायकांना तोंडपाठ आहे. आशाताईंनी सांगितलंय, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलंय. पण सकाळी कोरा चहा पिऊन बाई रानात जाते आणि तिचं पहिलं जेवण दुपारी दोनला होतं. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं. वर शौचाला काळं होतं, मग आत बाळाला काही झालं का, ही भीती. एक बाई तिला म्हणाली होती, ‘सकाळची भाकर पोरांना अन् मालकाला जाती. मंग गोळी कशावर घिऊ?’

हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित करत होते तेवढ्यात शेजारचे परीक्षक म्हणाले, ‘हे सगळं ठीक आहे, पण मग तुझं आउटपुट काय? कॅम्पेन कुठाय? निदान एखादं रील तरी करायचंस.’

मुलगी गडबडली. ‘सर, संदेश त्यांना कळलाय.’

‘मग?’

‘मग... त्यांचं म्हणणं कुणाला सांगायचं, ते मला कळत नाहीये.’

सरांनी हे उत्तर कच्चं धरलं. मी तिथे भांडले, मार्क थोडे वाढले, ते सोडा. पण या विषयाचं सगळं मर्म त्या अडखळलेल्या वाक्यात होतं आणि ते ऐकायला खोलीत कुणी तयार नव्हतं, याने माझं डोकं फिरलंय.

माझ्या आबांची, म्हणजे आजोबांची, गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. तरी परत सांगते, कारण मुलगी अडखळली तेव्हा मला आबाच दिसले.

१९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. युनेस्कोचं पाठबळ होतं, पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे, पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर, मिळून दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती जमायची, ऐकायची आणि रेडिओ बंद झाला की खरं काम सुरू व्हायचं. चर्चा करायची, काय ठरलं ते लिहायचं, प्रश्न पुण्याला पाठवायचे. त्यातल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं यायची. भोर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मंडळात लिहायचं काम आबांकडे होतं, कारण ते सातवीपर्यंत शिकलेले.

एका संध्याकाळी विषय होता जपानी पद्धतीची भातलावणी. त्या काळात तिचा देशभर प्रचार चालला होता. दोर धरून ओळीत, ठरावीक अंतरावर रोप लावायचं. पुरुष माना डोलवत होते. आजी दाराच्या चौकटीला टेकून उभी. बायका मंडळात बसत नसत, पण ऐकायला बंदी नव्हती. ती तिथूनच म्हणाली, ‘वळीत लावाया दुप्पट येळ जातो. त्या येळाची मजुरी बायांना कोन देनार?’

सगळे गप्प. आबांनी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि पुण्याला पाठवलं. पुढच्या एका कार्यक्रमात गावाचं नाव घेऊन तो प्रश्न रेडिओवर वाचला गेला. आजी तेव्हा चुलीपुढे होती. आबांनी हाक मारली तर ती उठली नाही, हातातलं पीठ तसंच ठेवून बसल्या जागी ऐकत राहिली. हे आबा मला सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली यायचा.

मजुरीचं पुढे काय झालं? काही नाही. पण खाचरात वाकणाऱ्या बाईचा प्रश्न पुण्यापर्यंत गेला आणि तिच्याच घरात परत ऐकू आला. प्रश्न वर जायला एक वाट होती.

हे सगळं मी शिकले कुठे, तर परदेशात, एम.ए. करताना. दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर ‘पूना’ आलं. कॅनडात १९४१ मध्ये सुरू झालेली शेतकरी मंडळं, मग आपलं पुणे, मग १९६४ मध्ये घाना. घानाचा एक वर्गमित्र माझ्याकडे वळून म्हणाला, ‘म्हणजे तू तिथली?’ त्याला पुण्याचा प्रयोग आधीपासून माहीत होता. मला माहीत होती ती फक्त आबांची गोष्ट. ती एवढ्या मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे हे मला बाविसाव्या वर्षी, सातासमुद्रापार कळलं. पुण्यात पदवी घेताना एका शिक्षकाने हे सांगितलं नव्हतं. त्याचं दुःख मला अजून आहे.

त्याच वर्षी एव्हरेट रॉजर्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वाचला. १९६२ पासून जगभरच्या विस्तार खात्यांनी, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवी पद्धत नेणाऱ्या खात्यांनी, ज्याची मांडणी शिरोधार्य मानली, तो. नवी गोष्ट कोण किती लवकर स्वीकारतो यावरून त्याने माणसांचे पाच गट केले. शेवटच्या १६ टक्क्यांना त्याने नाव दिलं ‘लॅगार्ड’, म्हणजे मागे रेंगाळणारे. वाचनालयात बसून मला रडू आलं होतं. माझी आजी त्या १६ टक्क्यांत! तिला दोर धरून लावणी कळत नव्हती म्हणून नव्हे, तिला मजुरीचा हिशोब कळत होता म्हणून. (रॉजर्सच्या स्वतःच्या वडिलांनी आयोवातल्या शेतावर संकरित मक्याचं बी घ्यायला बरीच वर्षं नकार दिला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका तगला तेव्हा कुठे त्यांना पटलं. घरातच असा माणूस असून त्याने हा शब्द निवडला, हे मला अजून पचत नाही.) १९७६ पर्यंत रॉजर्सनेच लिहिलं की विकासाची ती जुनी मांडणी आता मागे पडतेय. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी तर त्याआधीच सांगत होते की शेतकऱ्याला ज्ञान ‘पोचवायचं’ हा विचारच मुळात चुकीचा, संवाद असेल तर तो दोन्हीकडून. म्हणजे आज ज्या सरांनी रील मागितलं, त्यांच्या विषयाने ही चूक पन्नास वर्षांपूर्वी कबूल केलेली आहे. मग वर्गात हे शिकवता आणि परीक्षेला ते मागता, हा कसला न्याय?

चहा करून आले. थोडी शांत झालेय.

सरांचीही एक बाजू असेल. मोहिमा चालतात, मान्य. पोलिओ आपण घालवला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, त्यानंतर नाही. पण तिथेही नुसत्या जाहिरातीवर भागलं नव्हतं. उत्तर प्रदेशात ज्या घरांनी दार लावून घेतलं, त्या घरांच्या उंबऱ्यावर त्याच मोहल्ल्यातल्या बायका जाऊन बसल्या, ‘का नको’ ते त्यांनी ऐकून घेतलं आणि मग डोस दिला. आणि हो, १९५६ ची मंडळंही काही सगळ्यांची नव्हती. बहुतेक पुरुष, बरेचसे जमीनवाले. आजी चौकटीबाहेरच होती. हेही मान्य.

पण या मुलांना आपण कशाला तयार करतोय, ते तरी बघा. दोन वर्षं शिकायचं, वाड्यांवर राहायचं, गावकऱ्यांबरोबर नकाशे काढायचे. आणि नोकरी कसली? संस्थेचं फेसबुक पान सांभाळायचं. देणगीदारासाठी ‘यशोगाथा’ लिहायच्या, त्यात बाईचा हसरा फोटो हवा, दोनशे शब्द, शेवटी तिचं आयुष्य बदललेलं हवं. मागच्या वर्षीचा माझा एक विद्यार्थी हेच करतोय. मेळघाटातल्या एका बाईने त्याला सांगितलं होतं की त्या योजनेचा तिला काही उपयोग झाला नाही. त्याने तसं लिहिलं तर वरून निरोप आला, दुसरी बाई शोध. त्याने शोधली. मला फोन करून हे सांगताना तो बराच वेळ थांबला होता. मी त्याला दोष देणार नाही, घरी बहिणीचं शिक्षण चाललंय त्याच्या पगारावर. पण ज्यांनी ‘दुसरी बाई शोध’ म्हटलं त्यांना मी कधीच माफ करणार नाही.

पहिल्या बाईचं उत्तर हेच तर त्याचं काम होतं! ते वर नेण्यासाठीच तर तो शिकला! संदेश खाली नेणारे आपल्याकडे थोडे आहेत का? भिंती रंगल्या, फोन लावला तर रिंग वाजण्याआधीही कितीतरी वर्षं कुणी ना कुणी काहीतरी सांगत आलंय. ‘भाकरीशिवाय गोळी कशावर घेऊ’ हे जिल्ह्याच्या बैठकीत मांडणारा एक माणूस नेमलेला दाखवा मला. एक पद दाखवा.

वाट नाहीच असं मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि २००६ च्या धोरणाने गावातल्या संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळाली. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे असंच एक केंद्र आहे. माणच्या दुष्काळी पट्ट्यातला माणूस तिथे आपल्या बोलीत बोलतो. फक्त या केंद्रांनी स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, हे बंधन आहे. ओव्या चालतात, पाककृती चालते, पण टँकर आठ दिवस आला नाही ही बातमी झाली की पंचाईत. माझ्या वर्गात मी दर वर्षी या कलमाशी येऊन अडकते. मुलं विचारतात, ‘मॅडम, मग बोलायचं काय?’

जाऊ दे. जी मुलं हा विषय घेतात ती मला फार जवळची आहेत. त्यांच्या घरी कुणाला धड सांगता येत नाही ती काय शिकतायत. ‘म्हणजे पत्रकार होणार का?’ असं प्रत्येक लग्नात कुणीतरी मामा विचारतो. तरी ती पावसात वाडीवर जातात, चुलीजवळ बसतात आणि बाई बोलायची थांबली तरी पेन खाली ठेवत नाहीत. आजची मुलगी बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली. प्रबंधाची प्रत छातीशी धरलेली. मी तिला आबांची गोष्ट सांगितली, आजीचा प्रश्न सांगितला. तिने लगेच विचारलं, ‘मग तुमच्या आज्जीला उत्तर मिळालं का?’ इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं.

आत्ता तिचा मेसेज आलाय. पुढच्या रविवारी ती पाचही वाड्यांवर जाऊन बायकांना त्यांचंच बोलणं वाचून दाखवणार आहे. चुकलेलं त्या दुरुस्त करतील, मग त्यांच्या सह्या-अंगठ्यांसह ते प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचं. मला विचारलंय, येता का. शनिवारी रात्री राजूरला मुक्काम करीन म्हणतेय.

एक विनंती. आबांची ती वही गेली. छप्पर गळत होतं, एका पावसाळ्यात लगदा झाला. नाशिक, नगर, सातारा, कोल्हापूर, पुणे, यातल्या कुणाच्या गावच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात रेडिओ मंडळाची वही असेल तर फेकू नका. आजोबा-पणजोबांपैकी कुणी मंडळात होतं का, घरी विचारून बघा. फोटो काढून मला पाठवा, अक्षर लागत नसलं तरी पाठवा. मी लावीन.