पाड्यावरचं अन्न स्वस्त कसं करावं: नव्या साहेबांसाठी मार्गदर्शन

आदिवासी भागात बदली झाल्याबद्दल अभिनंदन. धडगाव असो, धारणी असो, भामरागड असो की मोखाडा, पौष्टिक अन्न लोकांच्या आवाक्यात आणायचं असं तुम्ही मनाशी ठरवूनच आला असाल. हेतू उत्तम आहे. आता पद्धत शिकून घ्या.

सगळ्यात आधी, पाड्यावर काय पिकतं याची चौकशी करू नका. चौकशी केली की नागली (म्हणजे नाचणी), वरई, तूर, उडीद, कुळीथ, ओढ्यातले खेकडे, परसातल्या कोंबड्या असं बरंच काही निघतं आणि मग योजना नेमकी कशाची करायची हा पेच पडतो. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 10. म्हणून तांदूळ वाटा. नागली पिकवणाऱ्याला तांदूळ आणि शहरातल्या बाळाला नागलीचं सत्त्व, अशी वाटणी आपोआप होते. तिला फक्त धक्का लावायचा नाही.

नागलीचा हमीभाव मात्र अभिमानाने सांगा. 2025-26 साठी क्विंटलला 4886 रुपये, म्हणजे किलोला जवळपास 49. भाव चांगला आहे, तेव्हा तो मिळवणं थोडं अवघड असायला हवं. खरेदी केंद्र तालुक्याला ठेवा आणि सातबारा मागा. वनहक्काच्या प्लॉटवर नागली लावणाऱ्याकडे वेगळा सातबारा बहुधा नसतो, तिथेच निम्मं काम होतं. उरलेल्यांसाठी ई-पीक पाहणीची नोंद आहे. ती शेतात उभं राहून मोबाइलवर करायची असते, आणि नागली असते डोंगरउतारावर, तिथे नेटवर्क नाही. नोंद नाही म्हणजे पीक नाही. तेवढ्यावरही कोणी पोती घेऊन आलंच, तर ओलावा मोजा. 12 टक्क्यांच्या वर काटा गेला की वाळवून आणायला सांगा. परतीच्या जीपचं भाडं तो भरेल.

केंद्र कधी उघडायचं हाही प्रश्न आहे. नागली कापून, झोडून घरात येते तेव्हा दुकानदाराची पावसाळ्यातली उधारी डोक्यावर असते. त्या आठवड्यात केंद्र बंद पाहिजे. व्यापारी दारात येतो, पायलीने मोजून नेतो, सातबारा मागत नाही. वरईचंही तसंच. सालासकट जाते, गिरणीत सडली जाते आणि भगर होऊन आपल्या एकादशीला हजर होते. ती पिकवणारीला उपास करायला एकादशी लागत नाही.

या भागात एकच धोका सांभाळा. तालुक्यात पिकलेली नागली हमीभावाने तालुक्यातच विकत घेऊन तिथल्याच रेशन दुकानात आणि अंगणवाडीत द्या, असं कोणी सुचवेल. गहू बाहेरून आणण्याची वाहतूक वाचते, शेतकऱ्याला भाव मिळतो, पोराला भाकरी मिळते. असा प्रस्ताव आला की त्यावर समिती नेमा.

रेशनचा तांदूळ जानेवारी 2023 पासून फुकट आहे. घाबरू नका, फुकट वस्तूही महाग करता येते. प्राधान्य गटातल्या पाच माणसांच्या कार्डावर महिन्याला 25 किलो धान्य मिळतं. दुकान आठ-दहा किलोमीटरवर ठेवा. पहिल्या खेपेला ई-पॉस मशीनला रेंज नसावी किंवा म्हातारीचा अंगठा उमटू नये. शेण-मातीत आयुष्य गेल्यावर अंगठ्यावर रेषा तरी किती उरणार. दुसऱ्या खेपेला धान्य मिळू द्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली. रोजगार हमीच्या 2025-26 मधल्या 312 रुपयांनी धरली तर 624 रुपये, म्हणजे किलोला 25 रुपये पडले, आणि यात जीपचं भाडं धरलेलं नाही. कागदावर भाव शून्य. अहवालात तोच जातो.

पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना नवसंजीवन योजनेत चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवायचं असतं. जरूर पोचवा, पण गोदाम नदीच्या कुठल्या बाजूला आहे हे बघून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. धान्य अलीकडे आणि माणसं पलीकडे असली तरी रजिस्टरात ‘पुरवठा पूर्ण’ असंच येतं.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. कार्ड देशात कुठेही चालतं, हे त्यांना पत्रक छापून कळवा. भट्टीजवळच्या दुकानाला जादा कोटा मात्र देऊ नका. मग दुकानदार ‘साठा संपला’ म्हणेल आणि बाई शेठकडून मिळालेल्या आठवड्याच्या खर्चीवर टपरीतून कणी, दहा रुपयांचं तेल आणि पोरासाठी पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा घेईल. पुड्यात दहा-बारा ग्रॅम माल, म्हणजे किलोला 400 रुपयांच्या पुढेच. शेंगदाणे दीडशेच्या आसपास मिळतात, पण पाच रुपयांच्या पुडीत बांधून त्या टपरीवर टांगलेले नसतात. गरिबाला किलोचा भाव परवडत नाही, म्हणून तो त्याच्या दुप्पट-तिप्पट भाव देतो. यावर ‘आहाराविषयी अज्ञान’ या विषयाची कार्यशाळा ठेवा. चहाबरोबर बिस्किटं द्या.

आता अमृत आहार. 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. योजना खरोखर चांगली आहे, त्यामुळे हात राखूनच वापरा. ताटामागचा दर राज्यभर एकच ठेवा. डाळ महागली तर वाटीतलं पाणी वाढवून हिशेब जुळतो. पैसे दोन-तीन महिने उशिरा सोडा. सेविका उधारीवर किराणा आणेल आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा वर असतो, हे तिला कळेल. जेवण दुपारी बारालाच आणि अंगणवाडीतच झालं पाहिजे. जुलैत सात महिन्यांची गरोदर बाई आवणाच्या चिखलात वाकलेली असते. लावणी सोडून दोन किलोमीटर चालत आली तर जेवेल, नाही आली तर ‘लाभार्थी अनुपस्थित’. डबा शेताच्या बांधावर पोचवायची कल्पना काही सेविकांच्या डोक्यात येते. त्यांना नियम दाखवा.

याच योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं द्यायचं आहे. अंडी शहरातूनच मागवा, घाटातून, मोटरसायकलवर. 30 च्या ट्रेमधली 3 फुटली की 6 रुपयांचं अंडं 6 रुपये 67 पैशांना पडतं. हा फरक सेविकेच्या मानधनातून जाईल.

पाड्यावरच कोंबड्या पाळाव्यात असं कोणी म्हटलं, तर आनंदाने हो म्हणा आणि पिल्लं वाटा. जात सुधारित घ्या. ती अंडी जास्त देते, पण खुडूक बसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा वाटप करता येतं. वाटप मे महिन्यात ठेवा, म्हणजे उन्हाने निम्मं काम होईल. मुख्य गोष्ट लशीची. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की आठवड्यात पाडा रिकामा करते. उपाय स्वस्त आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. अडचण कुपीची आहे. ती 100 पक्ष्यांची असते, एकदा कालवली की बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते, आणि एका घरात पिल्लं असतात आठ. आसपासच्या घरांनी एक दिवस ठरवून, सकाळी लवकर, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, एखाद्या मुलीने थर्मास घेऊन फिरावं, इतकंच लागतं. मुलीला चार दिवस शिकवायचं आणि पक्ष्यामागे रुपया-दोन रुपये द्यायचे. पण त्यात ना टेंडर, ना उद्घाटन. पिल्लं वाटताना फोटो येतो, थेंब टाकताना फक्त कोंबडीचा येतो.

ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवायला विसरू नका. टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी टेबलावर मांडा, बायकांना नऊवारीत बोलवा. शेवळं काकड नावाच्या रानझाडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे त्या सांगतील. तुम्ही भाषणात वापरा. सरकारी आहाराच्या यादीत मात्र या भाज्या घेऊ नका, कारण त्यांचं पक्कं बिल मिळत नाही.

घरपोच आहाराच्या पुड्यांसाठी पक्कं बिल मिळतं. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट घ्या असं सांगितलं. आदेश पाळायचाच. फक्त यंत्रांच्या आणि वार्षिक उलाढालीच्या अटी अशा घाला की बचत गट म्हणवणारा कारखानाच त्यात बसावा. पुडा कोणी खाल्ला नाही तर शेळी खाते. तिचं वजन वाढतं.

वजनावरून आठवलं. मुलांची पहिली वजनं ऑगस्टमध्ये घ्या, घरातलं धान्य संपलेलं आणि जुलाब-ताप चालू असताना. दुसरी जानेवारीत, नवं धान्य घरात आल्यावर. काहीही न करता आलेख वर चढतो. भट्टीवर गेलेली मुलं ‘स्थलांतरित’च्या रकान्यात टाका, म्हणजे ती सरासरीत येत नाहीत. अहवाल फेब्रुवारीत पाठवा. बदलीचे अर्ज एप्रिलमध्ये सुरू होतात.