व्यवहार उलटवण्याच्या अधिकाराविषयी

स. न. वि. वि.

फसवणुकीने किंवा चुकून झालेला ब्लॉकचेनवरचा (म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणाऱ्या, साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींच्या डिजिटल वहीतला) व्यवहार उलटवण्याचा अधिकार शासनाला असावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की सरकारच्या हाती एकदा खोडरबर दिले की ब्लॉकचेनला अर्थच उरत नाही, आणि उद्या तेच खोडरबर नावडत्या माणसाच्या पैशांवरही फिरेल. यातली दुसरी भीती मला पूर्ण मान्य आहे. ‘शासन’ हा शब्द मी सैलपणे वापरला. हा अधिकार न्यायालयाकडेच असावा, मंत्रालयाकडे किंवा पोलीस ठाण्याकडे नसावा.

खोडण्याविषयी मात्र मी बोलतच नाही. आपणही कोल्हापूरचेच, म्हणून सातबाऱ्याचे उदाहरण देतो. खोट्या दस्तावर झालेला फेरफार अपिलात रद्द झाला, तर जुने पान कोणी फाडत नाही. नावाला कंस होतो, नवा फेरफार क्रमांक पडतो, आणि पुढच्या पिढीलाही काय घडले ते ओळीने वाचता येते. ब्लॉकचेनवरही मला अशीच उलट व्यवहाराची नवी नोंद हवी आहे.

शिवाय ब्लॉकचेनची साखळी कधीच मागे फिरत नाही, हे खरे नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एका त्रुटीमुळे बिटकॉइन या डिजिटल चलनाची १८४ अब्जांहून अधिक नाणी निर्माण झाली, तेव्हा काही तासांत सुधारित आवृत्ती आणून तो भाग बाद करण्यात आला. २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ या सामाईक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) काढून घेतले गेले, आणि इथेरियमने हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा काढून, ते परत मिळवले; ज्यांना हे पटले नाही, ते जुन्या साखळीवर ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून राहिले. डॉलरशी मूल्य बांधलेली डिजिटल नाणी काढणारी टेथर कंपनी तर आजही आपल्या नाण्यांचे पत्ते गोठवते. अधिकार वापरला जातोच आहे, फक्त बाधित माणसाला त्यात सुनावणी नाही.

गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, माझ्या परिचयाच्या एका कारागिराने अशाच नाण्यांत पैसे पाठवले. पैसे ज्या खात्यावर जातात त्याचा पत्ता ४२ अक्षरांचा. ठगाने त्याच्या व्यवहारांच्या यादीत स्वतःचा मिळताजुळता पत्ता आधीच घुसवून ठेवला होता; पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे तंतोतंत तीच. तडकलेल्या काचेच्या फोनवर मधली अक्षरे कोण ताडून पाहतो? तक्रारीला एका ओळीचे उत्तर आले: व्यवहार अंतिम आहे. चुकीने दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते. हक्क आहे, पण खासगी किल्ली, म्हणजे त्या पत्त्यावरचे पैसे हलवण्याचा गुप्त संकेत, ठगाच्या हाती असल्यामुळे तो बजावायची वाट नाही. ती वाट नाणे काढणाऱ्या कंपन्या आणि एक्स्चेंज (अशा नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या संस्था) यांच्यापाशीच करता येईल. मार्च २०२३ पासून आपल्याकडची एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे ग्राहकाची ओळख त्यांच्याकडे असतेच. निव्वळ बिटकॉइनच्या बाबतीत, ज्यामागे नाणे काढणारी कंपनीच नाही, हे जमणार नाही, हेही मान्य करतो.

मला खरी अडचण दिसते ती तिसऱ्या माणसाची, ज्याने चोराचे नाणे अजाणतेपणी, पूर्ण किंमत मोजून घेतले. त्याचे पैसे परस्पर उलटवणे अन्यायाचे होईल; म्हणून आधी फक्त गोठवावे, तेही ठरावीक दिवसांपुरतेच, आणि दोघांचे म्हणणे ऐकल्यावरच निकाल द्यावा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या गावात बसते आहे. त्या कारागिराला निदान तिथे उभे राहून ‘हे पैसे माझे आहेत’ असे म्हणता यावे, एवढेच मी मागतो आहे.