मिडब्रेन झोपला असता तर मूल शिबिरापर्यंत पोचलंच नसतं

"मुलांचा मिडब्रेन झोपलेला असतो. तो जागा केला की डावा आणि उजवा मेंदू जोडला जातो आणि मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागतं." सुट्ट्या तोंडावर आल्या की "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन" शिबिरांचा हा मजकूर, पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांच्या व्हिडिओसकट, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तर तो फोडून काढता आलाच पाहिजे.

आधी झोपेचं बघू. मिडब्रेन हा मेंदूच्या देठाचा सर्वांत वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यात बॅटरीचा उजेड पडला की बाहुली आकसते. त्यासाठी दृष्टिपटलाकडून निघालेला संदेश मिडब्रेनमध्ये येतो आणि तिथूनच तिसऱ्या कपालचेतेमार्गे (मेंदूतून डोळ्याकडे जाणाऱ्या नसेमार्गे) परत फिरतो. आयसीयूत बेशुद्ध रुग्णाच्या पापण्या उघडून डॉक्टर उजेड टाकतात, त्यात मिडब्रेन शाबूत आहे का हेही कळतं. इथल्याच सबस्टॅन्शिया नायग्रा या गडद पट्ट्यातल्या डोपामिन पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो. आणि गंमत म्हणजे जागं ठेवण्याचं कामही बरंचसं याच भागाकडे आहे. १९४९ मध्ये मोरुत्झी आणि मॅगून या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरांच्या मेंदूदेठातल्या जाळीदार भागाला विजेने चेतवलं, तेव्हा मेंदूच्या संथ लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या. म्हणजे मिडब्रेन खरोखर बंद असेल, तर मूल कोमात असेल.

"डावा-उजवा मेंदू जोडणारा पूल" हा दावा तर चक्क पत्ता चुकलेला आहे. दोन्ही गोलार्धांमधला मुख्य पूल म्हणजे कॉर्पस कॅलोसम, सुमारे २० कोटी तंतूंचा. अपस्मारावरचा (फिट येण्यावरचा) उपाय म्हणून काही रुग्णांमध्ये तो कापला गेला होता. त्यांच्यावरच्या प्रयोगांसाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. या रुग्णांच्या डाव्या हातात, त्यांना न दिसेल अशी, एखादी वस्तू दिली तर हात ती ओळखायचा, पण तोंडाला तिचं नाव सांगता यायचं नाही. लक्षात घ्या, त्यांचा मिडब्रेन जागच्या जागी, धडधाकट होता. तरीही डाव्या हाताची ओळख उजव्या गोलार्धातच राहिली, बोलणाऱ्या डाव्या गोलार्धापर्यंत पोचली नाही.

शिबिरातल्या संगीताने "अल्फा लहरी" येतात म्हणे. येत असतील. नुसते डोळे मिटून शांत बसलं तरी येतात, फी न भरता.

राहिली पट्टी. कुणीतरी हुशार विद्यार्थी इथे ब्लाइंडसाइट पुढे करेल: दृष्टीचा प्राथमिक बाह्यक (मेंदूच्या मागच्या बाजूचा, बघण्याचं काम करणारा पृष्ठभाग) निकामी झालेल्या काही रुग्णांना "दिसत नाही" म्हणतानाही प्रकाशाचा ठिपका कुठे आहे ते बऱ्यापैकी अचूक दाखवता येतं, आणि त्यात मिडब्रेनमधल्या सुपिरिअर कॉलिक्युलस या डोळ्यांकडून संदेश घेणाऱ्या उंचवट्याचा वाटा मानला जातो. बरोबर आहे. पण त्या रुग्णांचे डोळे उघडे असतात, प्रकाश दृष्टिपटलावर पडत असतो. प्रकाशच आत गेला नाही, तर कॉलिक्युलसला कळवणार कोण?

व्हिडिओतला प्रकाश कुठून जातो, तेही शोधता येतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी चेहऱ्याला नीट चिकटत नाही. मूल हनुवटी किंचित वर करतं, पुस्तक नाकाखाली ओढतं. मुलाला रागावू नका. मोठी माणसं टाळ्या वाजवत असताना तेही काय करणार? हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरा, नाहीतर पुस्तक कपाळाच्या वर उचला, आणि मग वाचायला सांगा.