खुलासा: बोल्टच्या जोडाचं एफईए (संगणकावरचं ताण-विश्लेषण) करताना ‘प्लेटा बॉन्डेड ठेवा, प्रीलोड वगळा’ हे चुकीचं आहे

सध्या फिरणाऱ्या संदेशात दोन दावे आहेत: बाहेरचा भार प्रीलोडमध्ये (बोल्ट आवळताना त्यात आलेल्या ओढीत) पूर्ण मिळवला जातो, आणि प्लेटांमध्ये बॉन्डेड कॉन्टॅक्ट (प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या धरणं) दिला की प्रीलोड वगळता येतो. दोन्ही चूक.

एम१२ (१२ मिमी व्यासाचा), ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. ताण-क्षेत्रफळ ८४.३ चौ.मिमी, प्रूफ स्ट्रेस (कायमचा न ताणता बोल्ट झेलतो तो ताण) ५८० एमपीए. दोन्हींच्या गुणाकाराच्या सुमारे ७५ टक्के म्हणजे साधारण ३६ किलोन्यूटन प्रीलोड. आता १० किलोन्यूटन ओढ द्या. भारातला बोल्टचा वाटा ०.२ धरला, तर बोल्टवर ३८ येतात, ४६ नव्हे. उरलेले ८ प्लेटांमधल्या दाबातून वजा होतात, तो २८ वर येतो. ४५ किलोन्यूटन ओढीला सांधा उघडतो. त्यानंतर मात्र सगळा भार बोल्टवरच.

बॉन्डेड कॉन्टॅक्टमध्ये सांधा कधी उघडतच नाही. प्लेटा चिकटवल्यासारख्या ओढ पेलतात, बोल्ट जवळपास रिकामा दिसतो. फटीगचा (वारंवारच्या भाराने तडे जाण्याचा) धोका नेमका इथेच झाकला जातो, आणि मला हीच चूक सर्वांत घातक वाटते.

फ्रिक्शनल कॉन्टॅक्ट (प्लेटा घसरू आणि सुटू शकतात असा) द्या. पहिल्या लोड स्टेपमध्ये (भार देण्याच्या टप्प्यात) फक्त प्रीलोड, दुसऱ्यात बोल्टची लांबी लॉक करून बाहेरचा भार. पहिल्या स्टेपनंतर शँकमधलं (बोल्टच्या दांड्यातलं) बल ३६ येतंय का ते तपासा. आडव्या भाराला घर्षणांक ०.१५ धरला तर एका पृष्ठावर ५.४ किलोन्यूटनपर्यंतच सांधा घसरत नाही. वरची १० किलोन्यूटन ओढही असेल तर ४.२.

कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.