टॉवरवरच्या माणसांचा इतिहास लिहा

लहानपणी रविवारी वडील मला स्कूटरवर पुढं उभं करून उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर न्यायचे. विमान क्वचितच यायचं. कुंपणाशी भडंग खात वाट बघायची. वडील विंडसॉककडं, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडं बोट करायचे, "वारं जिकडनं येतंय, तिकडं तोंड करून उतरणार बघ." मग वरच्या काचेच्या खोलीकडं. "आणि ते सांगणार, उतर म्हणून."

आपलं विमानतळ 1939 चं. छत्रपती राजाराम महाराजांनी ते उभारलं, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हा दगडी कमानींसमोर सगळ्यांनी फोटो काढले. पण त्या काचेच्या खोलीतल्या माणसांबद्दल कोण बोलतं?

ही खोली, म्हणजे विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर, जगात पहिल्यांदा 1920 मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर उभी राहिली. खांबांवरची लाकडी खोली, चारी बाजूंना खिडक्या. अमेरिकेत सेंट लुईसला आर्ची लीग नावाचा माणूस 1929 मध्ये ढकलगाडीत खुर्ची, छत्री आणि वैमानिकांना खुणा करायचे झेंडे घेऊन धावपट्टीवर जायचा. झेंड्यांनंतर दिवे आले. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. रेडिओ बंद पडला तर आजही हाच दिवा कामाला येतो. टॉवरच्या काचा बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात, त्याही उगाच नाहीत. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब नजरेआड जावं म्हणून. मुंबईचा टॉवर आज 83.8 मीटर उंच आहे, पण काम तेच, डोळ्यांत तेल घालून बघायचं.

माझं स्पष्ट मत आहे, कोल्हापूरच्या टॉवरचा 1939 पासूनचा इतिहास टर्मिनलमध्येच मांडला पाहिजे. जुन्या नोंदवह्या, हेडफोन, सिग्नलचा दिवा, ड्युटीवरच्यांचे फोटो. संस्थानकाळापासून 2018 ला छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतून विमानं पुन्हा सुरू झाली तोपर्यंतचा. शाळेच्या सहली रंकाळ्याला जातात तशा तिथंही जाव्यात. इमारत पुन्हा बांधता येते, रद्दीत गेलेली वही परत मिळत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विमानतळांवर बिनतारी यंत्रणेची नोकरी केली. परवा त्यांनी ट्रंकेतून एक वही काढून दाखवली. निळ्या शाईत वेळ, वारा, विमानाचा नंबर. शेजारी एका ओळीत, "पाऊस जोरात, दिसत नाही." काकांचा हात आता थरथरतो, पण ती ओळ वाचताना आवाज खणखणीत होता. येत्या रविवारी मी मोबाईलवर त्यांचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून घेणार आहे. ज्यांच्या घरी असं कुणी असेल, त्यांनी मला कळवा. मी स्वतः येतो.