स्टार पाच, लिंबं चार

गाडी घ्यायचं फायनल झालं म्हणे? अरे वा, अभिनंदन. आता मी सांगतो तेवढंच ऐका, बाकी कुणाचं ऐकू नका, आणि रात्री दोन वाजता क्रॅश टेस्टचे व्हिडिओ बघत बसणाऱ्या तुमच्या त्या भाच्याचं तर अजिबातच नको, साखरपुड्याच्या जेवणावळीत बसून मुलीच्या पत्रिकेतला मंगळ काढणाऱ्यांतला आहे तो.

शोरूममध्ये पाय ठेवला की पहिलं काम, दार उघडायचं आणि दाणकन लावायचं. 'धप्प' असा आवाज आला तर पत्रा दणकट, 'टण्ण' आला तर डबा. मग बॉनेटवर अंगठा दाबून बघायचा, अंगठ्याला दबलं नाही म्हणजे ट्रकला तरी कशाला दबेल, साधं लॉजिक आहे. गाडीचं नाक मुद्दामच चेपलं जाईल असं बनवतात, टक्करीचा जोर त्यानं खाऊन टाकावा आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहावा म्हणून, असलं काही भाचा बडबडायला लागला तर त्याला चहा सांगायला पाठवा. जुन्या गाड्या कशा, ठोकल्या तरी बंपरला ओरखडा नाही! आतल्या माणसाचं काय झालं ते सोडा हो, गाडीला काही झालं नाही ना.

नंतर सेल्समनला विचारायचा तो एकमेव प्रश्न: "किती देते?" तो तेवीस म्हणेल, तुम्ही अठरा समजा, दोघंही खूश. त्यानं चुकून सहा एअरबॅग आणि ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा, विषय काढलाच तर "ते ठीक आहे, पण सनरूफ कुठल्या मॉडेलपासून?" असं विचारून गाडी रुळावर आणा. पुण्यात मे महिन्यात उन्हामुळे आणि जूनपासून पावसामुळे सनरूफ उघडता येत नाही, पण लग्नाच्या वरातीत पोरगं त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहतं तेव्हा पैसे वसूल होतात.

आता स्टारकडे वळू. हे खूळ आपल्याकडे आणलं गाड्या आदळून सेफ्टीचे पाचपैकी स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं, २०१४ च्या जानेवारीत. आपल्या लाडक्या पाच गाड्या, अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय टेन आणि पोलो, ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर नेऊन आदळल्या आणि पाचही गाड्यांना शून्य स्टार. शून्य! तेव्हा आपण काय म्हणालो ते आठवतंय का? "आपल्या रस्त्यावर ६४ चा स्पीड मिळतो कुठे?" एकदम बिनतोड. फक्त एक गोष्ट जरा खटकते, त्याच पोलोची दोन एअरबॅगवाली गाडी आदळली तेव्हा तिला चार स्टार मिळाले. गाडी तीच, नाव तेच, रंगसुद्धा बहुतेक तोच, फरक एअरबॅगचा. म्हणून माझा सल्ला असा की रेटिंग कुठल्या व्हेरियंटला लागू आहे ते रिपोर्टात लिहिलेलं असतं ना, ती ओळ अजिबात वाचायची नाही. वाचली की मन खट्टू होतं.

वर्षही बघू नका. होर्डिंगवर पाच चांदण्या दिसल्या की पुरे, त्या कधीच्या आणि कुठल्या परीक्षेतल्या हे विचारणं म्हणजे दहावीला ऐंशी टक्के पाडलेल्याला बोर्ड कुठलं विचारण्यासारखं आहे. २०२२ च्या मध्यापर्यंत ग्लोबल एनकॅपचे स्टार मुख्यतः गाडी पुढून ठोकूनच मिळायचे. मग त्यांनी नियम कडक केले, बाजूनं धडक, खांबावर आडवी धडक, ईएससी हे सगळं धरायला लागले. स्विफ्टला २०१८ मध्ये दोन स्टार होते, नव्या नियमांनी २०२२ मध्ये एकच उरला. आणि तिचीच बहीण नवी डिझायर २०२४ च्या नोव्हेंबरात पाच घेऊन आली. आता एका घरातल्या दोन बहिणींचे मार्क एवढे वेगळे कसे, असा विचार करत बसलात तर बुकिंग कधी करणार?

लहान मुलांचं रेटिंग वेगळं असतं हे तर कुणाला सांगूच नका. नेक्सॉन २०१८ च्या डिसेंबरात पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, छाती फुगली आपली, पण ते पाच मोठ्यांसाठी होते, मुलांसाठी तीन. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप आलीय, तिथंही मोठ्यांचे मार्क ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी. त्यासाठी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या पोराएवढे दोन डमी मागच्या सीटवर नीट चाइल्ड सीटमध्ये पट्ट्यांनी बांधून बसवतात. प्लास्टिकच्या पोराला चाइल्ड सीट, आणि आपला नातू पुढे आजीच्या मांडीवर, "रडतोय हो तो मागे." डमी रडत नाही ना, तो त्याचा प्रॉब्लेम.

आणखी एक. पाच स्टारची छोटी हॅचबॅक आणि तीन स्टारची दोन टनी एसयूव्ही समोरासमोर आली तर हॅचबॅकच जिंकणार असं खुशाल समजा. पुढून ठोकायच्या टेस्टमध्ये गाडी एका अडथळ्यावर आदळते, म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीवर आदळावी तशी, त्यामुळे स्टारची तुलना सारख्या वजनाच्या गाड्यांतच करायची असते, हे भाच्याचं वाक्य. मी आपलं सोडून दिलं.

रिकॉल ही तर खास आपली गंमत. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या अशी बातमी आली की आधी ग्रुपवर टाकायची, खाली लिहायचं "बघा, म्हणूनच मी ही कंपनी घेत नाही", आणि ज्या कंपनीनं कधीच काही बोलावलं नाही ती सगळ्यात भारी असं धरायचं. ज्या घरात डॉक्टर कधी येत नाही तिथं आजारी कुणी नसतंच, तसं. मारुतीनं २०२० च्या जुलैत वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या, २०२३ च्या जानेवारीत १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी. हे आकडे वाचून घाबरायचं तेवढं घाबरा, फक्त आपली गाडी त्यात आहे का हे बघू नका. बघायचं म्हणजे आरसीवरचा सतरा अक्षरी चासिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचा, दोन मिनिटांचं काम, आणि आत निघालीच तर पार्ट फुकट बदलून मिळतो. फुकट! यात काहीतरी काळंबेरं असणारच.

माझ्या मेव्हण्यानं सेकंडहँड गाडी घेतली. टायर बघितले, इंजिन ऑइलची कांडी हुंगली, मीटर मागे फिरवलाय का म्हणून मेकॅनिकला पाचशे रुपये दिले, सीट कव्हर कुणी बदललं त्याचीसुद्धा चौकशी केली. रिकॉलचं पत्र मात्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं, आणि तो भला माणूस फोनवर म्हणाला, "हो हो, आलं होतं काहीतरी, मला वाटलं सर्व्हिसिंगची जाहिरात." दीड वर्ष मेव्हणा ड्रायव्हरच्या खराब एअरबॅगसमोर बसून भाचरांना शाळेत सोडत होता. आता विचारलं तर म्हणतो, "पण काही झालं का?" आहे उत्तर? २०२१ च्या एप्रिलपासून सरकारनं रिकॉलचा नियमही आणलाय, सात वर्षांच्या आतल्या गाडीत सेफ्टीचा दोष असेल तर वाहन पोर्टलवर तक्रार करता येते, तक्रारी साठल्या की सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. तुम्ही तक्रार करू नका. दुसरे करतीलच की.

गाडी घरी आल्यावर सेफ्टीचं खरं काम सुरू. मागे बेल्ट लावायचा नाही. २०२२ च्या सप्टेंबरात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, गाडी मर्सिडीज, आणि मिस्त्रींसह मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा पंधरा दिवस आपण सगळेच मागे करकचून बांधून घेत होतो. मग पितृपक्ष संपला, नवरात्र आलं, बेल्ट परत सीटच्या फटीत. बीप वाजतो म्हणून ती क्लिप घ्या, शंभर रुपयांत मिळायची, बकलात खुपसली की गाडीला वाटतं बांधलंय. ग्राहक प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांतून अशा १३,११८ क्लिपांच्या जाहिराती काढायला लावल्या. तेरा हजार! गाडीलाच फसवायला एवढा चॉइस आपण ठेवला होता.

आणि गणपती. तो डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, जिथं एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली दिसतात ना, बरोब्बर त्यांच्यावर, डबल टेप लावून पक्का बसवा. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते, त्यामुळे बाप्पा भेटायला किती स्पीडनं येतील याचा हिशोब भाच्यानं केला होता. त्याच्या आईनं त्याला प्रसादाचा पेढा दिला नाही.

परवा शेजारच्या जोशीकाकांची डिलिव्हरी होती, मी गेलो होतो. गाडीवर लाल साटीनचं कापड, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, काकूंनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. चार चाकांखाली चार लिंबं. काका बसले, बेल्ट आठवला नाही, क्लच सोडला, चारही लिंबं एका दमात चिरडली. सेल्समननं टाळ्या वाजवल्या. पुढच्या डाव्या चाकाखालचं जरा अर्धवट फुटलं होतं, तर काकूंनी गाडी परत मागे घ्यायला लावली.